पेशंटचे नातेवाईक कोण?

किनवटात एखाद्याचा मुलगा नर्स झाला, हे लोकांच्या गळी उतरवणं फार कठीण. मुलगी झाली तर ती ‘शिष्टर’ होते आणि विषय संपतो. मुलगा मात्र कोणीच होत नाही. दवाखान्यात त्याला ‘ब्रदर’ म्हणतात, पण ब्रदर म्हणजे नेमका कोण, हे पेशंटला ठाऊक नसतं. म्हणून गोकुंद्यापासून इस्लापूरपर्यंतच्या लोकांनी आपापल्या सोयीनं मार्ग काढला होता. ते मला डॉक्टर म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. मग दुरुस्तीचा आवाज बारीक होत गेला आणि पुढे पुढे मी ती मनातल्या मनातच करू लागलो. पंचाईत व्हायची ती फक्त सोयरिकीच्या बैठकीत.

“पोरगं काय करतंय?”

“नर्स आहे.”

“पोरगी नव्हं हो, पोरगं काय करतंय?”

माझं हे डॉक्टरपण एकाच गोष्टीवर उभं होतं. मला शीर सापडायची. पावसाळ्यात पैनगंगा दुथडी भरून वाहू लागली, विहिरींत गढूळ पाणी उतरलं, की तांड्यांवरनं आणि गुड्यांवरनं हगवणीची पोरं यायची. अंगातलं पाणी गेलं की शिरा अशा दडी मारतात की भल्याभल्यांचे हात थकतात. एका रात्री असंच एक पोर आलं. लाईट गेलेली. पोराचा आजा मोबाईलची बॅटरी धरून उभा. त्याचा हात थरथरतोय, म्हणून उजेडही थरथरतोय. मी रबरी हातमोज्याचं बोट कापून पोराच्या दंडाला बांधलं, मनगटावर दोन टिचक्या मारल्या, पिवळं इंट्राकॅथ सरकवलं आणि पहिल्याच झटक्यात मागच्या नळीत रक्ताचा ठिपका आला. आजानं माझे पाय धरले. पाय धरलेल्या माणसाला उठवून ‘मी डॉक्टर नाही’ असं सांगायला फार मोठं मन लागतं. माझं तेवढं नव्हतं.

तर सुई माझी. बाकीचा पेशंट नातेवाइकांचा. आमच्याकडे एका खाटेवर एक पेशंट, खाटेखाली दोन माणसं आणि व्हरांड्यात पाच-सहा, असा सगळा बारदाना असतो. पेशंटचं अंग पुसणं, त्याला भरवणं, भांडं देणं, कुशीवर वळवणं, पाय चेपणं, सगळं तेच करतात. ब्रदर येतो, सलाइनचे थेंब बघतो, इंजेक्शन देतो, फाईलवर लिहितो आणि पुढच्या खाटेकडे जातो. पेशंटला हात लावण्याचं आणखी काही काम निघालंच, तर दारात उभं राहून एकच हाक मारायची: “पेशंटचे नातेवाईक कोण?” कुठून तरी एक मेहुणा धावत येतो आणि काम होतं. तीन वर्षांच्या जीएनएममध्ये, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोम्यात, हे वाक्य कुणी शिकवलं नव्हतं, पण नोकरीत सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडलं. पेशंटला खाटेवर अंघोळ कशी घालायची हे मात्र पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर. पुतळ्यानं काही तक्रार केली नाही आणि मी पास झालो.

कोरोना ओसरला आणि युरोपात नर्स कमी पडायल्यात, ही बातमी नांदेडमार्गे किनवटला पोचली. बातमी तशी शिळी होती. केरळच्या मुली १९६० च्या दशकापासून चर्चच्या ओळखीनं जर्मनीतल्या दवाखान्यांत जात होत्या. आमच्याकडे ती पोचायला साठेक वर्षं लागली, इतकंच. इंग्लंड-आयर्लंडचा रस्ता मी आधीच सोडून दिला. तिथं इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएसमध्ये सातच्या आसपास गुण. मला इंग्रजी येत नाही हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. मला जर्मन येत नाही, हे मात्र कुणाच्याही लक्षात येणार नव्हतं. एवढ्या एका विचारावर मी देश निवडला.

शिवाय भाषांचं मला भय नव्हतं. किनवट ही तेलंगणाची वेस. एका सकाळच्या ओपीडीत मराठी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी आणि दखनी उर्दू अशा पाच भाषांत माणसं कण्हतात. ‘कुठं दुखतंय?’ हे मी पाचही भाषांत विचारू शकत होतो. उत्तर दोनच भाषांतलं कळायचं. पण विचारून झालं की पेशंटचं बोट पकडायचं, ते आपोआप दुखऱ्या जागी जातं. या बोटाच्या जोरावर मी स्वतःला बहुभाषक समजत होतो.

पुण्याच्या क्लासनं हा समज पुरता उतरवला. जर्मनच्या पायऱ्या सहा: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. नर्सला चौथीपर्यंत चढावंच लागतं. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या चारही भागांत शंभरपैकी साठ. माझं श्रवण सारखं साठाच्या अलीकडे लटकायचं. कॅसेटमधली बाई गाडी कुठल्या फलाटावर येणार ते सांगायची आणि मी विचार करत बसायचो, की हिचं नांदेडला कुणी असेल का. अखेर एकदाचे साठ ओलांडले. वरचे दोन गुण त्या बाईनं माझी कीव येऊन दिले असावेत.

मी निघण्याच्या आठवडाभर आधी मित्रांनी बसस्टँडसमोर फ्लेक्स लावला. त्यावर माझा कोट घातलेला फोटो (कोट फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरातला), खाली शुभेच्छुकांची डोकी, आणि नावाच्या मागे ‘डॉ.’. ‘अरे, हे काय?’ म्हणालो तर मित्र म्हणाला, “तिथं जाऊन तर होणारच हायस ना? आधी छापलं तर काय बिघडलं?” आईनं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडीची वाळवलेली भाजी बांधून दिली. माहूरच्या रेणुकामातेला नारळ फुटला. नंदीग्राम एक्स्प्रेसनं मला मुंबईला नेलं आणि मुंबईहून विमानानं स्टुटगार्टकडे.

जर्मनीत बी-टू झालं म्हणजे नर्स झालो असं नसतं, हे मला तिथं पोचल्यावर नीट कळलं. आपलं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी तासातासानं ताडून बघतात आणि पत्र येतं. त्यात काय कमी पडलं याची यादी असते: वृद्धांची शुश्रूषा, पुनर्वसन, अमुक तास, तमुक तास. ती उणीव भरून काढायची, नाहीतर तोंडी आणि प्रत्यक्ष अशी परीक्षा द्यायची. तोवर तुमचा हुद्दा मदतनीस, पगारही मदतनिसाचा. पत्र चांगलं सात-आठ पानी होतं, वर राज्याचं सिंहांचं चिन्ह. मी पहिल्या पानाचा फोटो घरी पाठवला आणि लिहिलं, ‘डिग्रीचं पत्र आलं.’ यात खोटं एक अक्षर नव्हतं.

पहिल्या दिवशी वॉर्डप्रमुख बाईंनी मला एका खोलीचा नंबर सांगितला. आतल्या आजोबांचं सकाळचं आवरायला मदत कर, म्हणाल्या. मला वाक्य पूर्ण कळलं, याचाच इतका आनंद झाला की अर्थाकडे दुर्लक्ष झालं. आत गेलो. आजोबा पलंगावर. खाटेखाली कुणी नाही. बाहेर आलो. व्हरांड्यात कुणी नाही. व्हरांडा इतका स्वच्छ आणि इतका रिकामा, की मला वाटलं कालच कुणीतरी मंत्री येऊन गेला असावा. मग मी दारात उभा राहिलो आणि ते वाक्य मनात जर्मनमध्ये जुळवून, क्रियापद जागेवर बसवून, खणखणीत आवाजात हाक दिली: “या पेशंटचे नातेवाईक कोण?”

पलीकडच्या तीन खोल्यांची दारं उघडली. नातेवाईक एकही निघाला नाही. मी खुर्ची ओढली आणि त्यांची वाट बघत बसलो.

बऱ्याच वेळानं बाई आल्या. “झालं का?”

“नाही. अजून आले नाहीत.”

“कोण?”

“घरचे.”

“मुलगी रविवारी दुपारी येते,” बाई म्हणाल्या. त्या दिवशी मंगळवार होता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कपाटातून दोन पंचे, हातमोज्यासारखी शिवलेली दोन पुसणी आणि एक तसराळं काढून माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. आत मी, आजोबा आणि कोमट पाणी.

आजोबा निवृत्त सुतार होते. आयुष्यभर रंधा मारलेला माणूस. पृष्ठभागावरचं काम कसं असावं याबद्दल त्यांची मतं पक्की होती. मी पुतळा आठवला. आधी चेहरा, हे आठवलं. चेहऱ्याला साबण लावण्याआधी विचारायचं, हे आठवलं नाही. आजोबांनी डोळे गच्च मिटले. मग मी हात, छाती, पोट असा सपाटा लावला. किनवटला चाळीस पेशंटची रांग मागे उभी असायची, तो वेग हातातून जाईना. आजोबांनी एक डोळा उघडला. “तरुण माणसा, माझी गाडी सुटायची आहे का?”

मग ते सांगत गेले आणि मी करत गेलो. चेहऱ्याचं पुसणं वेगळं, खालच्या अंगाचं वेगळं. पाणी गार झालं की बदलायचं. जो हात धुतोय तेवढाच उघडा, बाकी अंग पांघरुणात. बोटांच्या बेचक्या कोरड्या. कवळी थंड पाण्यात, बेसिनमध्ये आधी टॉवेल अंथरून, म्हणजे हातून सटकली तरी फुटत नाही. पायाला सूज म्हणून घट्ट मोजे, तेही पाय खाली सोडण्याच्या आधी. ते मोजे चढवताना मला घाम फुटला. मग दाढी, मग गालाला वासाचं पाणी. मी बाहेर आलो तेव्हा बाकीच्यांची न्याहारी होऊन ताटल्या परत चालल्या होत्या. आजोबांनी मागून हाक मारली आणि कानामागे बोट ठेवलं. तिथं साबण राहिला होता.

न्याहारीनं तर माझी आणखी शोभा केली. तिथली म्हातारी माणसं सकाळी गोल कडक पाव खातात आणि ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना तो नर्सनं कापून, लोणी लावून द्यायचा असतो. मी आयुष्यात पावाला लोणी लावलं नव्हतं. आमच्याकडे लोणी भाकरीवर ठेवतात, ते आपलं आपण विरघळतं. मी पावाच्या मधोमध लोण्याचा एक गोळा ठेवून ताटली एका आजींच्या पुढे सरकवली. आजी माझ्याकडे बघत राहिल्या, मग पावाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “काठापर्यंत,” त्या म्हणाल्या. मी सुरी घेतली आणि लोणी ओढलं. लोणी फ्रिजमधलं. पावाला भोक पडलं.

शेवटी हे शिकवलं ते एका चेचीनं, म्हणजे मल्याळी ताईनं. १९७० च्या दशकात, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा केरळहून आलेली, आता निवृत्त, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिला हिंदी येत नव्हतं, मला मल्याळम येत नव्हतं. त्यामुळे आम्ही दोघं भारतीय एकमेकांशी जर्मनमध्ये बोलायचो आणि ती माझं व्याकरण सुधारायची. तिनं मला स्वयंपाकघरात बसवून पावांचा ढीग पुढे ठेवला. लोणी आधी बाहेर काढून ठेव, सुरी आडवी धर, मधून काठाकडे जा. मी म्हणालो, “चेची, मी काळोखात दोन महिन्यांच्या पोराला सलाइन लावलंय.”

“आम्हीपण इंजेक्शन देणारच म्हणून आलो होतो,” ती म्हणाली. “पहिलं वर्षभर चादरी बदलल्या. काठ राहिला बघ.”

भाषा तेवढी सुधारत होती, असं मला वाटत होतं. पण मी बी-टूपर्यंत शिकलेलं जर्मन पुस्तकातलं आणि आमच्या वॉर्डातले म्हातारे बोलायचे श्वेबिश. अर्धा शब्द गिळायचा आणि उरलेल्याला गोड शेपूट लावायचं, अशी त्या भागाची बोली. पेशंटचं बोट पकडण्याची माझी किनवटची युक्ती इथं चालेना, कारण ही माणसं दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्याआधी दुखण्याचा इतिहास १९८० सालापासून सांगतात. मग मी सगळ्यालाच होकार भरू लागलो. एका आजोबांनी सकाळी मला काहीतरी लांबलचक विचारलं. चेहरा प्रसन्न होता, म्हणून मीही प्रसन्न चेहऱ्यानं हो, हो, नक्की, असं म्हणून गेलो. तासाभरानं खोली रिकामी. आजोबा दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर सापडले. हॅट, कोट, मांडीवर बॅग, पायात सपाता. ‘आज मी घरी जाऊ का?’ असं त्यांनी मला विचारलं होतं. परत आणताना ते सगळ्यांना सांगत होते, की या तरुण डॉक्टरनं मला सोडलंय. इतक्या दूर येऊन मला कुणीतरी पुन्हा डॉक्टर म्हणालं, आणि ते नेमकं अशा वेळी.

घरीही फार वेगळं नव्हतं. एका संध्याकाळी आलो तर माझ्या दाराच्या मुठीला एक सुबक लाकडी पाटी लटकवलेली. मला वाटलं, शेजाऱ्यांनी नवीन भाडेकरूचं स्वागत केलं. मी ती आत नेऊन रेणुकामातेच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगली. त्या भागात आळीपाळीनं एकेका घरानं आठवडाभर जिना झाडायचा असतो आणि पाळी ज्याची, त्याच्या दाराला ती पाटी असते. काम झालं की पुढच्या दाराला सरकवायची. पाटी माझ्याकडे देवापुढे राहिली आणि अख्ख्या इमारतीचा जिना बिनझाडलेला राहिला. वरच्या मजल्यावरच्या बाई अखेर विचारायला आल्या. पाटीला मी हळदकुंकूही वाहिलं होतं.

पण वॉर्डात माझ्या जिवाला खरा चटका बसायचा तो शिरेवरून. आमच्या वॉर्डात शिरेत सुई घालणं डॉक्टरांचं काम. माझ्यासारख्या मदतनिसानं त्या ट्रेला हात लावायचा नाही. एकदा एक तरुण डॉक्टर एका आजींच्या हाताशी झटत होता. एकदा टोचलं, फुकट. दुसऱ्यांदा टोचलं, फुकट. आजींचा हात धरून मी शेजारी उभा, आणि मला ती शीर दिसत होती. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, जाड आणि सरळ. माझा हात शिवशिवायला लागला. किनवट असतं तर एव्हाना सलाइन चालू होऊन अर्धी बाटली संपली असती. मी खोकलो. डॉक्टरनं बघितलं नाही. मी पुन्हा खोकलो, तर तो म्हणाला, “सर्दी असेल तर मास्क लाव.” शेवटी राहवेना. मी बोट पुढे केलं आणि म्हणालो, “इथं!”

जागा अचूक होती. एवढी अचूक, की माझं उघडं बोट त्यानं नुकत्याच निर्जंतुक केलेल्या कातडीवर नेमकं टेकलं. त्यानं हातातली सुई टाकून दिली. पुन्हा जंतुनाशक, पुन्हा थांबणं, पुन्हा नवी सुई. शीर मात्र त्याला तिथंच मिळाली. तो थँक्यू म्हणाला नाही आणि मलाही मागायचं धाडस झालं नाही. आजी तेवढ्या म्हणाल्या, “हा मुलगा लोणी फार छान लावतो.”

पुढे परीक्षा झाली. प्रत्यक्ष परीक्षेत खरा पेशंट, खरी अंघोळ, खरी कवळी आणि वही घेऊन उभे असलेले परीक्षक. मी पाणी कोमट आहे का ते विचारलं, साबण चेहऱ्याला लावू का ते विचारलं, एका वेळी एकच हात उघडा ठेवला, कानामागे दोनदा पुसलं. पास झालो. २०२० पासून तिथं लहान मुलांची, मोठ्यांची आणि म्हाताऱ्यांची नर्स असे वेगवेगळे फाटे एकत्र करून एक सामायिक हुद्दा झाला आहे, ‘फ्लेगेफाखमान’. तो छातीवरच्या बिल्ल्यावर लागला. नाव इतकं भारदस्त, की मी लगेच बिल्ल्याचा फोटो घरी पाठवला. जीव ओतून मी रोज काय करतो, ते मात्र कधी लिहिलं नाही. आई फोनवर विचारायची, “काम काय असतं बाळा?” मी म्हणायचो, “पेशंट केअर.” इंग्रजी शब्दांनी अनेक कामांची लाज राखली आहे.

त्यात फेब्रुवारी २०२४ उजाडला आणि महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, आपले दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे. म्हणजे नेमकं मी राहत होतो त्याच राज्यात. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर, स्वयंपाकी, सगळेच हवे होते. दहा हजारांतले निम्मे मीच निवडणार असल्यासारखे मला फोन येऊ लागले. भोकर, हिमायतनगर, माहूर, कुठून कुठून. जर्मन शिकायला किती वेळ लागतो, हे कुणी विचारलं नाही. पगार सगळ्यांनी विचारला. मी तीन हजार युरोच्या आसपास म्हणालो, की पलीकडून नव्वदनं गुणल्याचा आवाज यायचा. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा कर आणि विम्यात जातो, उरलेल्यातून घरभाडं जातं, हे सांगेपर्यंत फोन कट झालेला असायचा. गुणाकार सगळ्यांना येतो; वजाबाकीच्या वेळी रेंज जाते.

दिवाळीला रजेवर आलो तेव्हा मामा दवाखान्यात होते. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लटकवून खाटेवर ताणून ठेवलेले. खाटेखाली मामी आणि आत्या, व्हरांड्यात बाकीचा बारदाना. मी जर्मनीचं चॉकलेट वाटलं. मित्र म्हणाला, “डॉक्टर, जरा मामाला तपासा की.” मी मामांना तपासण्याच्या आविर्भावात किंचित कुशीवर वळवलं आणि पाठ बघितली. माकडहाडावर रुपयाएवढा लालभडक डाग. सहा दिवस माणूस एका जागी पडून, तोंडावरून ओला फडका फिरवला की अंघोळ झाली.

मग मला काही राहवलं नाही. गरम पाणी मागवलं. तसराळं नव्हतं, तगारी आली. मामीच्या दोन साड्या दोरीवर टाकून आडोसा केला. बाह्या वर सरसावल्या आणि सुरू झालो. चेहरा, मान, एक हात उघडा, दुसरा झाकलेला. पाणी गार झालं, बदललं. बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. पाठ धुऊन, टिपून, डागावर भार येणार नाही अशी उशी लावली. मामा म्हणाले, “लई बरं वाटायलंय रे.” मी म्हणालो, “साबण चेहऱ्याला लावू का?” मामांना वाटलं मी थट्टा करतोय.

आडोसा साड्यांचा होता, भिंतीचा नव्हता. दोन्ही साड्यांच्या फटीतून एव्हाना अर्धा वॉर्ड आत बघत होता. आत्या सगळ्यात पुढे. तिनं पदर कमरेला खोचला, माझ्याकडे बघितलं, तगारीकडे बघितलं आणि विचारलं, “तिथं बी हेच करतोस?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“आन् त्याच्यासाठी परीक्षा?”

“दोन.”

“बया!” आत्या म्हणाली. “आमी बिनपरीक्षेचं करायलाव की जल्मभर. आमाला कुणी न्हाई जर्मनीला नेलं!”

मित्रानं हळूच मोबाईल खिशात टाकला. तो फेसबुकसाठी व्हिडिओ काढत होता. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी मात्र खूश झाली. “आरं बाळा, हिकडं बी ये की जरा. मला बी धू.” तिच्या दोन सुना तेवढ्यात चहा आणायला उठल्या.

इज्जत वाचवायला आता एकच गोष्ट शिल्लक होती. मामांच्या हाताचं सलाइन सकाळीच सुजून काढलं होतं. नवं लावायचं होतं आणि ट्रे खाटेपाशीच पडला होता. मी आत्याला म्हणालो, “आता बघ.” मामांच्या दंडाला पट्टा बांधला, मनगटावर दोन टिचक्या मारल्या. शीर समोर, जाडजूड. टोचलं. फुकट. जरा वर टोचलं. फुकट. मामा म्हणाले, “अंघोळच बरी हुती.” कित्येक महिन्यांत हाताला सुई लागली नव्हती, बोटांना आता फक्त लोणी काठापर्यंत न्यायचं माहीत होतं.

तेवढ्यात ड्युटीवरचा ब्रदर आला. विशी-बाविशीचं पोरगं, मला न ओळखणारं. त्यानं माझ्या हातातून इंट्राकॅथ काढून घेतलं आणि माझ्याच जुन्या आवाजात म्हणाला, “नातेवाइकांनी बाहेर थांबा.”

“अरे, हे डॉक्टर हायत, जर्मनीचे,” मामी म्हणाल्या.

त्यानं माझ्या कोपरापर्यंतच्या साबणाकडे नजर टाकली. “असू द्या. डॉक्टरांनी बी बाहेर थांबा.”

आम्ही बाहेर गेलो. मिनिटभरात आतून मामांचा आवाज आला, “झालं? कळलं बी न्हाई!” आत्यानं दारातून आत डोकावून सलाइनचा पडणारा थेंब बघितला, मग वळून मला खालून वर न्याहाळलं.

“हाताला गुण हाय बघ त्या पोराच्या,” ती म्हणाली. “जर्मनीला पाठवाचं तर असल्याला पाठवावं!”